मांडीवरचं मूल आणि रजिस्टरमधला आकडा : खान्देशातल्या सुईचा इतिहास कसा वाचायचा

तुम्ही संशोधनाच्या तयारीला लागला असाल तर आज घरी एक छोटी गोष्ट करून बघा. साठीच्या आसपासच्या कुणाही माणसाला बाही वर करायला सांगा. दंडावर रुपयाएवढा, जरा खोलगट, कडेला रेघा असलेला वण दिसेल. कुणाला एक, कुणाला दोन. तो देवीच्या लसीचा वण. (बीसीजीचा वण लहान असतो, त्याच्याशी गल्लत करू नका.) वण सापडला की पुढचा प्रश्न विचारा : "देवी काढल्या तेव्हा तुम्हाला कुणी धरलं होतं? आईच्या मांडीवर होता, कडेवर होता, की कुणी दंड पकडून उभं केलं होतं?"

बहुतेक जण हसतील. हा काय प्रश्न झाला? मी हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या आजीला विचारला. तिचं बालपण चोपडा तालुक्यातलं. तिला लस आठवत नाही, सुई आठवत नाही. पण देवी काढणारा गावात आला की पोरं कपाशीत पळायची, हे आठवतं. आणि तिच्या आईनं धाकट्या भावाला कसं धरलं होतं, तेही आठवतं. "त्याचं तोंड पदराखाली, अन् हात तेवढा बाहेर." आजीनं स्वतःचा पदर ओढून मला ते करून दाखवलं.

ते तीन सेकंदांचं दाखवणं माझ्या सगळ्या टिपणवह्यांमध्ये कुठंच नव्हतं. मी खान्देशातल्या लसीकरणाच्या इतिहासावर पीएच.डी. करते. किती मुलांना लस टोचली, किती टोचणारे नेमले, खर्च किती झाला, हे मी दोन वर्षं उतरवून काढत होते. मुलाला धरलं कसं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आजच्या लेखात हाच प्रश्न घेऊन आपण जुने कागद आणि नवं विज्ञान दोन्ही वाचणार आहोत. रस्त्यात मी कुठं कुठं चुकले, तेही सांगते. त्या चुका तुमच्या उपयोगाच्या आहेत.

प्रश्न आला कुठून

खरं सांगायचं तर प्रश्न कागदातून आला नाही. माझा भाचा तीन वर्षांचा असताना आजारी पडला आणि त्याला सलाईन लावायची वेळ आली. एका दवाखान्यात त्याला टेबलावर आडवं केलं. एकानं डोकं धरलं, एकानं पाय, एकानं हात. चौथी मी, छातीवर हात ठेवून. त्याची आई दाराबाहेर, कारण "आई असली की पोरं जास्त रडतात." तिसऱ्या प्रयत्नाला शीर सापडली. त्यानंतर कितीतरी महिने पांढरा कोट दिसला की भाचा टेबलाखाली शिरायचा. माझ्याकडे यायलाही तो काही दिवस बिचकत होता.

आता इथंच थांबा. हा अनुभव पुरावा आहे का? नाही. एका मुलाची एक गोष्ट, तीही अपराधी वाटणाऱ्या मावशीनं सांगितलेली. पण प्रश्न म्हणून ती पक्की आहे. संशोधनात अनुभवाचं काम एवढंच असतं : तो दार दाखवतो. आत जायला मात्र पद्धत लागते. माझ्या पहिल्या मसुद्यात मी हा प्रसंग थेट निष्कर्षासारखा वापरला होता, आणि मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला होता : "मग?"

रजिस्टर काय सांगतं, काय गाळतं

पहिला कागद घेऊ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खान्देश खंड, साल १८८०. सार्वजनिक आरोग्याच्या प्रकरणात तुम्हाला दवाखान्यांची माहिती मिळेल आणि लसीकरणाचा एक तक्ता मिळेल. तक्त्याचे रकाने नीट वाचा. मुलगे किती, मुली किती. हिंदू किती, मुसलमान किती, इतर किती. एक वर्षाच्या आतले किती, एक वर्षावरचे किती. शेवटी बेरीज.

रकाने हे प्रशासनाचे प्रश्न असतात. सरकारला मोजायचं होतं की लस कोणत्या समाजात पोहोचली आणि किती लहान वयात पोहोचली. मूल रडलं का, आई सोबत होती का, मुलाला परत आणलं का, हे सरकारला विचारायचंच नव्हतं. त्यामुळे त्याचा रकाना नाही. रकाना नाही म्हणजे घटना घडली नाही, असं मात्र नाही. नव्या संशोधकाची पहिली घसरण इथंच होते. आपण तक्त्यात जे आहे त्याचाच इतिहास लिहितो आणि वर त्याला 'संपूर्ण' म्हणतो.

जाता जाता एक सापळा सांगून ठेवते, कारण मी त्यात पडले होते. १८८० चा 'खान्देश' म्हणजे आजचा जळगाव जिल्हा नव्हे. तेव्हा खान्देश हा एकच मोठा जिल्हा होता, मुख्य ठाणं धुळं. १९०६ मध्ये त्याचे दोन झाले : पूर्व खान्देश, ठाणं जळगाव, आणि पश्चिम खान्देश, ठाणं धुळं. पुढं हेच जळगाव आणि धुळे जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मी एकदा १८८० च्या आकड्यांशेजारी १९०६ नंतरचे पूर्व खान्देशाचे आकडे ठेवले आणि "लसीकरण निम्म्यावर आलं" असं उत्साहानं लिहून बसले. लसीकरण नव्हतं घटलं, जिल्हा घटला होता.

सुई कुठं टोचायची यावरून मूल कसं धरायचं ते ठरतं

मग धरण्याचा रकानाच नसेल तर इतिहास लिहायचा कसा? मला उशिरा सुचलेली वाट अशी : मुलाला कसं धरलं हे कागद सांगत नसेल, तर टोचायची पद्धत काय होती ते शोधा. सुई शरीरावर कुठं जाते आणि किती वेळ लागतो, यावरून मुलाला कोणत्या अवस्थेत धरणं शक्य होतं, हे बऱ्यापैकी कळतं.

सुरुवात १४ जून १८०२ ला मुंबईत होते. अ‍ॅना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी. भारतात देवीची लस यशस्वीपणे टोचली गेल्याची पहिली नोंद तिच्या नावावर आहे. लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गानं आली होती. पण बाटलीत टिकणारी लस तेव्हा नव्हती. लस जिवंत ठेवायची तर ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्या मुलाच्या दंडावर न्यावी लागे. अ‍ॅनाच्या दंडावरच्या फोडातून स्राव घेऊन पुढच्या मुलांना टोचलं, त्यांच्यावरून आणखी पुढच्यांना. मराठीत 'लस' या शब्दाचा जुना अर्थच मुळी जखमेतून किंवा फोडातून येणारा पातळ स्राव असा आहे. आपण आज सहज म्हणतो "लस घेतली", त्या शब्दात ते दंड-ते-दंड अजून शिल्लक आहे.

आता या पद्धतीत मुलाची अवस्था काय होते ते बघा. टोचून काम संपत नाही. आठवड्याभरानं फोड भरला की मुलाला परत आणायचं आणि त्या दुखऱ्या फोडातून स्राव काढू द्यायचा. म्हणजे एका लसीत दोन वेळा वेदना, आणि दुसरी वेदना दुसऱ्याच्या मुलासाठी. आयांचा विरोध या दुसऱ्या भेटीला फार होता, हे देशभरातल्या नोंदींत दिसतं. सरकारी भाषेत त्याला 'अज्ञान' आणि 'अंधश्रद्धा' म्हटलं जाई. देवी हा रोगही आणि देवीही, त्यामुळे श्रद्धेचा भाग होताच. पण आपलं लेकरू दुसऱ्यांदा का दुखवायचं, हा प्रश्न अंधश्रद्धेचा नाही. अहवाल वाचताना हे दोन विरोध वेगळे करायला शिका.

मुंबई इलाख्यात १८२७ पासून फिरते टोचणारे आणि त्यांच्यावर देखरेख करणारे अधीक्षक अशी व्यवस्था बसली. खान्देश १८१८ मध्येच इंग्रजांकडे आला होता, त्यामुळे तोही या व्यवस्थेच्या छत्राखाली. पुढं १८६९ च्या सुमारास मुंबईत डॉ. अनंत चंद्रोबा यांनी वासरांवर लस वाढवण्याची पद्धत सुरू केली. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या आठ पदवीधरांपैकी ते एक. इतिहासाच्या पुस्तकांत हा बदल 'लसीचा पुरवठा वाढला' अशा शब्दांत येतो. मुलाच्या बाजूनं वाचलं तर त्याचा अर्थ वेगळा निघतो. आठव्या दिवसाची ती दुसरी वेदना यामुळे हळूहळू संपत गेली. आकडा तोच, पण तुम्ही कुणाच्या बाजूला उभे राहून वाचता त्यावर अर्थ बदलतो.

विसाव्या शतकात भारतात देवी काढायला रोटरी लॅन्सेट वापरत. लहानशी दांडी, टोकाला दातेरी चकती. दंडावर लस लावायची आणि चकती दाबून फिरवायची. कातडी खरवडली जायची, पुष्कळ दुखायचं, जखम कधी चिघळायची. आजीच्या पिढीच्या दंडावरचे मोठे वण यातले. साधारण १९७० च्या आसपास त्या जागी दुहेरी टोकाची सुई आली. एकाच जागी झटपट १५ हलके टोचे, काम काही सेकंदांत. १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. भिंतींवर देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये देण्याची जाहिरात असायची, ती याच काळातली.

या दोन्ही साधनांत टोचायची जागा एकच : दंडाचा वरचा भाग. म्हणून मूल कडेवर किंवा मांडीवर राहू शकतं, तोंड आईच्या छातीशी आणि एक हात बाहेर. माझ्या आजीनं दाखवलं तसं. मग आली त्रिगुणी लस, म्हणजे डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात. भारताचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ चा आणि सार्वत्रिक कार्यक्रम १९८५ चा. ही लस स्नायूत द्यायची. पूर्वी ती पुष्कळदा कुल्ल्यावर दिली जाई, आणि कुल्ल्यावर द्यायची तर मूल पालथं हवं. तोंड खाली, आईचा चेहरा दिसत नाही. पुढं मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देण्याची शिफारस आली. तिचं कारण सुरक्षितता होतं, कुल्ल्यातली मोठी नस टाळायची होती. पण परिणाम असा झाला की मूल पुन्हा उताणं किंवा बसतं झालं, आईचा चेहरा त्याला पुन्हा दिसू लागला.

यात मी किती अंदाज केला आणि किती माहीत आहे, ते वेगळं करून सांगते. टोचण्याची जागा आणि साधन, हे माहीत आहे. त्यावरून मूल कसं धरता येत होतं, हा अनुमानाचा भाग. प्रत्येक गावात तसंच धरलं, असा दावा मी करत नाही. तुमच्या प्रबंधातही ही रेघ वाचकाला दिसली पाहिजे.

"इतक्या लहान बाळाला दुखत नाही"

आता कागद सोडून विज्ञानाकडे वळू, कारण टेबलावर आडवं करण्यामागं फक्त सोय नव्हती, एक समजूतही होती. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या मर्टल मॅकग्रॉ यांनी बाळांना टाचणीनं टोचून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या. नवजात बाळांच्या प्रतिक्रिया विखुरलेल्या दिसल्या आणि त्याचा अर्थ असा लावला गेला की मेंदूचा वरचा थर अजून तयार नाही, त्यामुळे वेदनेची जाणीवही पुरती नाही. अशा समजुतीचा जोर इतका होता की १९८० च्या दशकापर्यंत अकाली जन्मलेल्या काही बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशा वेदनाशामक औषधाविना, नुसतं स्नायू शिथिल करून होत असत.

ही समजूत हलवणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्या शेजारचं आहे. धुळ्यावरून शिरपूर-सेंधव्याकडे जाणारा आग्रा रोड पुढं इंदूरला पोहोचतो. तिथल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कंवलजीत सिंग आनंद पुढं ऑक्सफर्डला गेले. १९८७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या अकाली बाळांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या भुलीबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, दुसऱ्याला नाही. ज्यांना दिलं त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या अडचणीही कमी झाल्या. त्याच वर्षी आनंद आणि हिकी यांचा नवजात बाळांच्या वेदनेवरचा मोठा आढावाही आला.

आनंद यांनी काय केलं ते पद्धतीच्या अंगानं बघा. बाळ बोलत नाही, हीच तर अडचण होती. बाळाला दुखतं का, हा प्रश्न त्यांनी बाळाच्या रक्ताला विचारला. कागद बोलत नव्हता म्हणून आपण सुईच्या जागेला विचारलं, तसंच. साक्षीदार मुका असला की दुसरा साक्षीदार शोधायचा.

मांडी परत येते, पण 'उपाय' बनून

दुखतं हे मान्य झाल्यावर पुढचा प्रश्न : कमी कसं करायचं? औषधं आहेत, पण दर सुईला औषध देणं शक्य नाही. मग संशोधक मुलाच्या अवस्थेकडे वळले. १९९९ मध्ये अमेरिकेत स्टीफन्स, बार्की आणि हॉल यांनी मुलांना घाबरवणाऱ्या उपचारांच्या वेळी आराम देणाऱ्या धरण्याच्या पद्धती मांडल्या. मूल बसतं किंवा उभट राहील, आईवडिलांच्या मिठीत राहील, आणि मिठीच त्याचा हात किंवा पाय स्थिर ठेवेल. २००० मध्ये ग्रे, वॅट आणि ब्लास यांनी ३० नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेताना तुलना केली. आईच्या उघड्या छातीशी असलेल्या बाळांचं रडणं ८२ टक्क्यांनी कमी भरलं. गुजरातमधल्या करमसदच्या डॉक्टरांनी अकाली बाळांवर 'कांगारू' पद्धतीचा असाच अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. तिथंही आईच्या छातीशी असताना वेदनेचा गुणांक कमी आला.

माझ्या भाच्याच्या वयाच्या जवळचा अभ्यास २००७ चा, स्पार्क्स आणि सहकाऱ्यांचा. ९ महिने ते ४ वर्षांची ११८ मुलं, शिरेत सुई घालायची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटातली मुलं पालकाच्या मिठीत उभट, दुसऱ्यातली टेबलावर आडवी. मिठीतल्या मुलांचा त्रास कमी दिसला आणि पालकही जास्त समाधानी होते. हा लेख मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचा प्रसंग घडला त्याच्या कितीतरी आधी हे छापून आलेलं होतं.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लसीकरणाच्या वेळच्या वेदनेवर आपली भूमिका प्रसिद्ध केली. त्यातलं आपल्या कामाचं थोडक्यात असं : पालक जवळ असावा. बाळाला आणि लहान मुलाला पालकानं धरावं. अंगावर पिणाऱ्या बाळाला टोचताना किंवा लगेच आधी पाजावं. तीन वर्षांवरच्या मुलाला बसवून टोचावं. एका वेळी अनेक लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी. आणि सुई आत गेल्यावर दट्ट्या मागं ओढून बघू नये.

आता तुमच्यातल्या संशोधकाला जागं करा. हे वाचून "झालं, सिद्ध झालं" म्हणू नका. मुलाला धरण्याबद्दलच्या शिफारशीमागचा पुरावा भक्कम नाही, हे आढावा घेणाऱ्यांनीच मान्य केलेलं आहे. का नाही, ते बघू. लहान मुलांची वेदना मोजायला फ्लॅक नावाची मोजपट्टी वापरतात. १९९७ पासून ती प्रचलित आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. आईच्या घट्ट मिठीत मुलाचे पाय हलूच शकत नसतील, तर 'पाय' आणि 'हालचाल' यांचे गुण आपोआप कमी पडतील. वेदना कमी झाली की नुसती हालचाल, हे कसं ओळखायचं? दुसरं असं की गुण देणाऱ्याला मूल मांडीवर आहे की टेबलावर, हे समोर दिसतं. औषधाच्या चाचणीत दोन्ही गोळ्या सारख्या दिसतील अशी सोय करता येते. मांडीची नकली गोळी कशी बनवणार? तिसरं, भीती आणि वेदना या मुलाच्या रडण्यात मिसळून येतात. बसवल्यानं भीती कमी होते हे पटण्यासारखं आहे. वेदना किती कमी होते, हा वेगळा प्रश्न आहे.

तरी शिफारस का? कारण तोटा जवळपास नाही, खर्च शून्य आणि पालकांना हवंच असतं. पुरावा कमजोर असूनही शिफारस योग्य असू शकते. फक्त त्या शिफारशीला 'सिद्ध' म्हणायचं नाही, एवढी शिस्त पाळा.

आज, अंगणवाडीच्या ओट्यावर

हा सगळा जुना इतिहास वाटत असेल तर तुमच्या गावातल्या लसीकरणाच्या दिवशी एकदा जाऊन बसा. आजच्या वेळापत्रकात दीड महिन्याच्या बाळाला एकाच बैठकीत तीन सुया असतात : डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची लस आणि उजव्या दंडावर कातडीच्या थरात पोलिओची. साडेतीन महिन्यांना पुन्हा तीन. दंडातली ती कातडीच्या थरातली सुई फार नाजूक काम असतं, बाळ हललं की लस बाहेर येते. म्हणून नर्सताईंना बाळ स्थिर हवंच असतं, आणि त्यांचं ते मागणं अगदी रास्त आहे. बाहेर रांग असते, उन्हाळ्यात खान्देशात पारा ४० च्या वर असतो आणि लसीच्या डब्यातला बर्फ वितळत असतो. "मांडीवर घ्या" म्हणायला सोपं आहे, त्यांच्या जागी उभं राहून म्हणायला हवं.

धुळे तालुक्यातल्या एका गावात मी असंच बसले होते. एक पहिलटकरीण आई बाळाला सतरंजीवर ठेवून मागं सरकली, तिला बघवत नव्हतं. शेजारच्या म्हातारीनं तिला अहिराणीत म्हटलं, "पोऱ्याले मांडीवर ले, माय." नर्सताईंनी मान डोलावली आणि आईचा हात धरून दाखवलं : बाळाचं एक अंग तुमच्या पोटाशी, एक हात तुमच्या काखेखाली, दुसरा तुमच्या हातात, पाय तुमच्या मांड्यांमध्ये हलके, आणि टोचायची मांडी मोकळी. बाळ रडलं. सुई लागली, रडणारच. पण शेवटची सुई निघाल्यावर ते अंगावर प्यायला लागलं आणि गप्प झालं. मला भाच्याचं टेबल आठवलं.

मी लगेच वहीत लिहिलं, "पारंपरिक ज्ञान आणि आधुनिक विज्ञान यांचा संगम." आणि संध्याकाळी खोडलं. का खोडलं, ते सांगते. म्हातारी बरोबर बोलली म्हणून सगळ्या म्हाताऱ्या पूर्वीपासून हेच सांगत आल्या, असं होत नाही. मांडीवर घेऊन गच्च आवळणं, तोंड दाबणं, "रडलास तर आणखी एक सुई देतील" म्हणणं, हेही मांडीवरच होतं. मांडी म्हणजे आपोआप माया नव्हे. मुलाला मिठीत घेणं आणि मुलाला जखडणं यात फरक आहे, आणि तो फरक जागेचा नाही, मुलाला काय जाणवतं त्याचा आहे. मोकळ्या जागा गोड कल्पनांनी भरायचा मोह खान्देशच्या माणसाला खान्देशाबद्दल लिहिताना सगळ्यात जास्त होतो. माझाही झाला.

मग तुम्ही काय कराल

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या जात्यावर आणि शेतात म्हटल्या गेल्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी त्या उतरवून घेतल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तक होऊ शकलं. उतरवून घेणारं कुणी नसतं तर आज आपण म्हटलं असतं की असोद्याच्या त्या बाईनं काही रचलंच नाही. मुलाला कसं धरायचं हे ज्ञानही असंच हातातून हातात गेलेलं आहे, आणि त्याला सोपानदेव मिळालेले नाहीत.

तेव्हा विषय शोधत असाल तर हा घ्या. काम तीन ठिकाणी आहे. एक, सरकारी अहवाल. ब्रिटिश भारतातले लसीकरणाचे कितीतरी अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं इंटरनेटवर खुले केलेत, घरी बसून वाचता येतात. तक्त्यांपेक्षा त्यातल्या तक्रारी आणि सबबी वाचा. टोचणारे 'अडथळे' म्हणून जे लिहितात, तिथं आया दिसतात. दोन, छायाचित्रं. देवी निर्मूलनाच्या काळातली भरपूर आहेत. त्यात लस टोचणाऱ्याकडे बघू नका, मुलाच्या पाठीमागचा हात कुणाचा आहे ते बघा. तीन, माणसं. रोटरी लॅन्सेट अंगावर घेतलेली पिढी आता साठीच्या आसपास किंवा त्यापुढं आहे. जुन्या परिचारिका, निवृत्त लस टोचणारे, आज्या. त्यांना "काय वाटतं" विचारू नका, "कसं धरलं होतं, दाखवा" म्हणा. शब्द विसरलेले असतात, हात विसरत नाहीत. बोलण्याआधी संमती घ्या आणि त्यांनी दाखवलेलं चित्र काढून ठेवा. टेपवर हात दिसत नाही.

माझा भाचा आता सात वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला धनुर्वाताची सुई घ्यायची होती. या वेळी तो आईच्या मांडीवर बसला, पाय दोन्हीकडे सोडून, छातीला छाती लावून. मी शेजारी उभी होते, हात मागं बांधून. तो रडला, जरासा. मग मला म्हणाला, "मावशी, या वेळी तू नाही धरलंस." माझ्या प्रबंधात हे वाक्य कुठंच येणार नाही, ते पुरावा नाही. पण उद्या मी पुन्हा १८८० चा तो तक्ता उघडीन, 'एक वर्षाच्या आतले' या रकान्यातला आकडा वाचीन, तेव्हा त्यातल्या प्रत्येक एककामागं कुणीतरी कुणाला तरी धरलेलं होतं, हे आता मला विसरता येणार नाही.